खराट्याचा पंचनामा

आमच्या विहाराच्या स्मरणिकेत पान अकरावर असे छापले आहे की, कोरियाहून आलेल्या तरुण धर्मप्रचारकाच्या सेवासप्ताहात ‘पहिला खराटा अध्यक्षांनी उचलला आणि उपस्थितांनी त्यांचे अनुकरण केले.’ या वाक्यात ‘खराटा’ तेवढा खरा आहे. बाकीचे असत्य आहे.

अध्यक्ष हयात आहेत, मीही हयात आहे, आणि आपली स्मरणशक्ती शाबूत असल्याचा दोघांचाही दावा आहे. माझ्या घरात आणखी एक हकीकत चालते, ती माझ्या पत्नीची. तिच्या म्हणण्याप्रमाणे खराटा तिने माझ्या हातात दिला. ती हकीकतही मला मान्य नाही. मी महसूल खात्यात छत्तीस वर्षे काढली. कारकून म्हणून शिरलो आणि नायब तहसीलदार म्हणून बाहेर पडलो. जे पाहिले ते लिहायचे आणि लिहिले त्याखाली सही करायची, एवढी एकच विद्या मला येते. तेव्हा आता लिहितो.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. कर्वेनगरात सकाळी मोकळी दिसलेली जागा संध्याकाळपर्यंत कुणीतरी पत्रे ठोकून बंद करीत असे. हिंजवडीत शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उगवत होत्या आणि माझी मुलगी अशाच एका इमारतीत प्रोग्रॅमर म्हणून लागली होती. तिच्या कंपनीची बस सकाळी सव्वासातला आमच्या विहाराच्या फाटकासमोर थांबे. गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली पंधरा-वीस मुले तिथे उभी असत. त्यांतली निम्मी दुसऱ्या प्रांतांतली. एखाद्याचा मोबाइल वाजला की बाकीचे सगळे आपापले खिसे चाचपत. सगळ्या शहरालाच तेव्हा थोडा ताप चढल्यासारखे झाले होते, आणि तो ताप मोठा सुखाचा होता.

अशा दिवसांत एका शनिवारी तो आला. वय बावीस, डोके तुळतुळीत, पाठीवर पिशवी आणि चेहऱ्यावर असे हसू की, रिक्षावाल्यानेही त्याला उतरताना हात दिला. तो आमच्या घरी उतरला, कारण इंग्रजी बोलणारी मुलगी आमच्याकडे होती. अध्यक्षांच्या घरी उतरवायचे ठरले होते आणि आम्ही तो पळवला, हा आरोपही खोटा आहे; पण तो वेगळा विषय आहे.

त्याचे येण्याचे कारण साधे होते. त्याच्या मठात प्रचारक म्हणून दीक्षा मिळण्यापूर्वी परदेशात सात दिवस राहून काहीतरी सेवा स्वतःच्या हातांनी करावी लागे. परत गेल्यावर ज्येष्ठांसमोर उभे राहून काय काम केले ते सांगायचे, आणि यजमानाच्या सहीचा कागद पुढे ठेवायचा. काम झाले नसेल तर आणखी एक वर्ष थांबायचे. त्यासाठी त्याने एक मराठी वाक्य पाठ करून आणले होते. स्वागतसमारंभात फुलांच्या हारांतून मान वर काढून त्याने ते म्हटले.

“मला काम द्या.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष उठले, त्यांनी त्याला शाल पांघरली, आणि तो खाली बसला.

इथेच सगळे बिघडले. आमच्या लोकांना आदरातिथ्य करता येते. पाहुण्याला काम सांगता येत नाही. तो माणूस तर बुद्धाच्या नावाने समुद्र ओलांडून आलेला. रविवारी त्याला तीन घरी जेवावे लागले आणि चौथ्या घरी ‘नुसते चाखायला’ म्हणून पुरणपोळी वाढली गेली. सोमवारी एका कॉम्प्युटर क्लासच्या उद्घाटनाला त्याला प्रमुख पाहुणा म्हणून नेले. फीत कापली, पण यंत्र सुरू होईना. तो आनंदाने टेबलाखाली शिरला. निदान वायर तरी जोडावी, असा त्याचा विचार असावा. “अरे, पाहुणे खाली गेले,” अशी हाक उठली आणि चौघांनी त्याला पाय धरून बाहेर ओढला. बाहेर आल्यावर पुन्हा शाल.

आमच्या घरीही तीच गत होती. पहाटे उठून तो मोरीत भांडी घासायला बसे. माझी पत्नी पातेल्याचे दुसरे टोक धरी. दोघे मुकाट्याने पातेले ओढत. एकाला मराठी येत नव्हते आणि दुसरीला कोरियन, त्यामुळे भांडण फार शिस्तीत चाले. शेवटी ती “बाळा, सोड,” म्हणे, आणि तो सोडी. बाळ म्हटल्यावर कुणालाही सोडावेच लागते.

मंगळवारी मी त्याला नारायण पेठेत माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडे नेले. हा गृहस्थ कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसत असे आणि आयुष्यात त्याने कुणाचे कौतुक केल्याचे मला आठवत नाही. चहा झाल्यावर पाहुणा कपबश्या उचलून आत निघाला.

“अहो, यांना बसवा,” सहकारी म्हणाला. “सहांतले चारच कप उरलेत.”

“त्याला काम हवंय,” मी म्हणालो.

“हवंय? आपण दोघांनी मिळून सत्तर वर्षं सरकारी नोकरी केली. एकदा तरी मागितलं का?”

पाहुण्याला यातले काही कळले नाही, पण तो इतका खळखळून हसला की सहकारी खूश झाला आणि त्यानेही कपाटातून एक शाल काढली.

गुरुवारपर्यंत सहा शाली जमल्या होत्या आणि काम शून्य होते. त्या सकाळी तो आमच्या जिन्यात बसलेला मला दिसला, मांडीवर तो कोरा कागद. चेहऱ्यावरचे हसू प्रथमच नव्हते. अध्यक्ष नेमके तेव्हाच आले. त्यांनी परिस्थिती ऐकली आणि आपल्या स्वभावाला अनुसरून तोडगा काढला.

“लिहून टाका ना, विहार झाडला म्हणून. तिकडून कोण बघायला येतंय?”

मुलगी घरीच होती. कंपनीत रात्रपाळी झाल्याने डोळे चोळत उभी होती. तिने भाषांतर केले. त्याने मान हलवून नकार दिला. मीही नकार दिला. न पाहिलेल्या जागेच्या पाहणीवर मी तहसीलदारांच्या दबावाखालीही सही केली नव्हती.

“मग झाडू द्या त्याला,” मुलगी म्हणाली. “बाबा, शनिवारपासून तो तेच मागतोय. What is the problem?”

आता हे सांगितले पाहिजे. त्याने पहिल्याच दिवशी विहाराच्या अंगणातला खराटा उचलला होता आणि ओरडून त्याला तो खाली टाकायला लावणारा मी होतो. अध्यक्षांनी त्यानंतर विहाराचे तिन्ही खराटे लाउडस्पीकरच्या कपाटात कुलूपबंद केले, ही गोष्ट खरी. पण ती माझ्या सांगण्यावरून. माझे आजोबा गावच्या चावडीपुढचे अंगण झाडत. बोलावणे आले की हातातला घास टाकून जात. धर्मांतर झाले तेव्हा मी शाळकरी होतो. दीक्षा घेऊन परतल्यावर वडिलांनी आम्हा भावंडांना ओळीने उभे करून सांगितले की, आता या घरातले कुणी दुसऱ्याचे अंगण झाडणार नाही. मी ती आज्ञा अधिकच कडक पाळली. खराटा म्हणून हातात धरला नाही.

“दुसऱ्याचं नाही म्हणाले होते मामंजी,” आतून पत्नीचा आवाज आला. “स्वतःचंही नाही, असं नव्हतं म्हणाले.”

मुलीने हे सगळे पाहुण्याला सांगितले, आजोबांपासून मामंजींपर्यंत. त्याने फार लक्ष देऊन ऐकले. मग गोंधळलेल्या चेहऱ्याने तो बराच वेळ बोलला, आणि मुलगी हसू लागली.

“बाबा, तो म्हणतो, त्यांच्या मठात अंगण झाडायचा मान सर्वांत ज्येष्ठ भिक्षूंचा असतो. लहानांना खराटा मिळतच नाही. भाज्या चिरायला मिळतात. त्याला वाटलं, त्याने लहान असून खराटा उचलला म्हणून तुम्ही रागावलात. तो माफी मागतोय. आणि विचारतोय, इथले सर्वांत ज्येष्ठ कोण?”

अध्यक्षांनी घसा साफ केला.

मी वाचकांच्या निदर्शनास आणू इच्छितो की, शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारखेनुसार अध्यक्ष माझ्यापेक्षा सव्वा महिन्याने लहान आहेत. हे मी तिथल्या तिथे सांगितले. दाखल्यावर मास्तरांनी मनाने तारीख घातली होती, असे ते म्हणाले. तशी ती माझ्याही दाखल्यावर घातली होती, पण माझी आधीची घातली होती, असे मी म्हणालो. पाहुणा आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहत होता आणि त्याचे हसू हळूहळू परत येत होते.

शुक्रवार उजाडला. दुपारी त्याला मुंबईला निघायचे होते. मी सहाला उठलो, इस्त्रीची पँट घातली आणि दार उघडले. दाराशी दोन नवे खराटे भिंतीला टेकवून ठेवलेले होते. ते पत्नीने आदल्या संध्याकाळी आणले होते, हे मी कबूल करतो. पण दाराशी ठेवणे म्हणजे हातात देणे नव्हे. त्या क्षणी ती चहा करत होती, पाहुणा दात घासत होता आणि जिन्यात कुणीही नव्हते. मी इकडे तिकडे पाहिले. मग एक खराटा उचलला. तो अपेक्षेपेक्षा फारच हलका होता.

स्कूटरवर पुढे मी आणि मागे दोन्ही खराटे निशाणासारखे उभे धरलेला पाहुणा, अशी आमची स्वारी कर्वेनगरातून निघाली. दूधवाल्याने सायकल थांबवून पाहिले. गॅलरीतून कुणीतरी विचारले, “कुठं निघालात, काका?” मी उत्तर दिले, “झाडायला.” ते इतक्या मोठ्याने निघाले की, माझे मलाच हसू आले आणि विहार येईपर्यंत थांबेना.

मी फाटकापासून सुरुवात केली, त्याने पिंपळापासून. पाने, विटांचे तुकडे, शेजारच्या बांधकामाची वाळू. धूळ एवढी उडाली की, आम्ही एकमेकांना खोकल्यावरून ओळखत होतो. मला झाडता येत नव्हते हे उघड आहे. मी कचरा त्याच्याकडे ढकलत होतो, तो माझ्याकडे, आणि दोघेही अतिशय समाधानी होतो. तेवढ्यात सात वाजले आणि बसच्या थांब्यावर मुले जमू लागली. माझी मुलगी आली ती फाटकातच थांबली.

“बाबा, are you okay?”

“घमेलं धर,” मी म्हणालो.

तिने घमेले धरले. तिच्याबरोबरची तेलुगू मुलगी काय चालले आहे ते न विचारताच सँडल काढून आत आली. मग दोघे बंगाली आले, मग सगळेच आले. आजूबाजूच्या घरांतून आमच्या बायका आपापले खराटे घेऊन उतरल्या. कुणीतरी नळाला पाइप लावला आणि पाण्याची पहिली धार एका ओळखपत्रावर पडली. पुढचे पाणी अर्थातच जमिनीपर्यंत पोहोचले नाही. बस आली. चालकाने तीनदा हॉर्न वाजवला, मग तो खाली उतरला.

“आज जायाचं हाय का न्हाई?” त्याने विचारले. कुणी लक्ष दिले नाही. तो क्षणभर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. “ओ काका, आसं न्हाई झाडत. द्या हिकडं.” त्याने माझ्या हातातून खराटा घेतला आणि दोन मिनिटांत मला छत्तीस वर्षांत न कळलेली गोष्ट दाखवली की, झाडताना मागे मागे सरायचे असते.

अध्यक्ष किल्ली घेऊन आठला दहा मिनिटे असताना आले. त्यांनी कपाट उघडून खराटा काढला, पण तोवर झाडण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा त्यांनी पिंपळाची एक फांदी धरून हलवली, चार पाने पाडली आणि ती झाडली. स्मरणिकेतला फोटो त्या वेळचा आहे. तो नीट पाहावा. अध्यक्षांच्या मागचे अंगण लख्ख आहे. पहिल्या खराट्याच्या वेळी अंगण लख्ख कसे असेल?

घरी येऊन मी कागद लिहायला घेतला. मला एकच नमुना तोंडपाठ होता, पंचनाम्याचा. मी झाडलेल्या जागेच्या चतुःसीमा घातल्या. पूर्वेस कंपनीच्या बसचा थांबा, पश्चिमेस पिंपळ, दक्षिणेस विटांची रास, उत्तरेस अध्यक्षांची मोटारसायकल. हजर असलेल्यांची नावे आलेल्या क्रमाने घातली. अध्यक्ष एकोणतिसावे आहेत. फक्त पहिल्या ओळीशी माझे पेन थांबले. प्रत्येक पंचनामा ‘अमुक यांनी बोलावल्यावरून आम्ही हजर झालो’ असाच सुरू होतो. हजारो वेळा मी ते न वाचता लिहिले असेल. त्या दिवशी लिहिले, ‘आम्ही खाली सही करणार, कोणीही बोलावले नसता, आपखुशीने हजर राहून लिहून देतो की.’

मुलीने तो इंग्रजीत उतरवला. पहिल्या ओळीशी तीही थांबली आणि माझ्याकडे बघून पुन्हा लिहू लागली. पाहुण्याने कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि सहा शालींच्या घडीत ठेवला. दोन महिन्यांनी त्याचे पत्र आले. दीक्षा झाली होती. पंचनामा वाचून दाखवताना मोटारसायकलीपाशी ज्येष्ठांनी त्याला दोनदा थांबवले आणि ती पुन्हा वाचायला लावली, असे त्याने लिहिले होते.

पत्नीला मी आजही एवढेच सांगतो की, तिने खराटा ‘दिला’ असे म्हणू नये. बाकी श्रेय तिने सगळे घ्यावे. त्या कागदाची कार्बन प्रत माझ्या कपाटात आहे. स्मरणिकेवर ज्यांचा अधिक विश्वास असेल त्यांनी घरी येऊन ती अवश्य पाहावी. चहा मिळेल, आणि काम मागितल्यास तेही मिळेल.