तक्रार अधिकारी म्हाळसाबाई

मुकुंदवाडीच्या रत्नमालानं इंटरनेटवर घोंगड्यांचं दुकान काढलं, तेव्हा तिला वाटलं, फोटो टाकला, किंमत लिहिली की झालं. पण दुकानाला शटर नसलं म्हणून कायदा थोडाच पाठ सोडतो! माल कुठला, आकार केवढा, परत घेणार की नाही, सगळं लिहा. वर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर द्या.

तक्रार अधिकारी म्हणजे तक्रारी करणारा अधिकारी, असा रत्नमालानं सरळ अर्थ लावला. त्या तोडीचं माणूस घरात एकच होतं. तिनं बेलाशक सासूचं नाव टाकलं. भाजी अळणी, नळाला पाणी नाही, सून उशिरा उठते. म्हाळसाबाईंचा अनुभव दांडगा होता.

एका दुपारी म्हाळसाबाईंना पुण्याहून कुणा मोनिकाचा फोन आला. "मॅडम, 'मऊ' लिहून तुम्ही टोचणारी घोंगडी पाठवलीत. ही फसवणूक आहे. मी ग्राहक आयोगाकडे जाणार."

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरात रत्नमालाला सगळं ऐकू येत होतं. दुकान बंद पडलं तर पुन्हा वाळूजच्या कंपनीत पॅकिंगला उभं राहायचं. त्यात घोंगडीचं सूत सासूनंच कातलेलं. आता सासू त्या बाईचा उद्धार करणार, यात तिला शंका नव्हती.

"टोचणारच की बाई," म्हाळसाबाई शांतपणे म्हणाल्या. "मेंढराची लोकर हाय. वरून ताठपणाला चिंचोक्याची खळ दिलेली. मऊ लिवलं असंल तर सुनंचं चुकलं. घोंगडी वापस पाठवा. पैशे समदे देते."

पुण्याची बाई गडबडली. भांडायची तयारी करून आलेली, तिला भांडायला कुणी भेटेना. 'बरं' म्हणून तिनं फोन ठेवला.

रत्नमाला तणतणत बाहेर आली. "आत्याबाई, आपल्याच घरावर उलटलात व्हय?"

"मंग मला अधिकारी कशाला केलं? इतकी वर्षं ह्या घरात बोंबलते, कुणी ध्यान दिलं? त्या बाईनं मला मॅडम म्हणून गाऱ्हाणं सांगितलं. मी बी ऐकायचं नाय का?"

 रत्नमालाला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

घोंगडी परत आली, पैसे गेले, तक्रार मिटली. दुकान वाचलं. मग अधिकारीबाईंनी सुनेला मोबाइल घेऊन समोर बसवलं.

"ते मऊ खोड. लिव, पैल्यांदा टोचती."

"असं लिवल्यावर कोण घेईल?"

"पुढचं तर ऐक. वापरून वापरून खळ उतरती, मंग मऊ व्हती. मंग सोडवत नाय."

टाइप करता करता रत्नमालाचं बोट थांबलं. तिनं सासूकडं पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

"हसती काय?"

"काय नाय, आत्याबाई. लई खरं लिवलं."