ओढ्यापुरता तंगूस

माझ्या मावशीच्या यजमानांइतका जय्यत तयारीचा मासेमार उभ्या मराठवाड्यात झाला नसेल, आणि त्यांच्याइतके कमी मासेही कुणी धरले नसतील. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं त्या काळात काका तिथं फिजिक्स शिकवायचे. उदगीर, निलंगा, अहमदपूरकडची पोरं सुटीला गावी निघाली की बाकीचे मास्तर त्यांना अभ्यास देत, काका सांगत, "येताना तुमच्या बाजारातला तंगूस आण थोडा." तंगूस म्हणजे गळाला बांधायचा नायलॉनचा धागा. एका पोराच्या वडिलांना हा फीचाच नवा प्रकार वाटला आणि त्यांनी बिचाऱ्यांनी अख्खं रीळ पाठवून दिलं. काकांनी ते दोन बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे, पण हा गोदावरीचा धागा. मला ओढ्याचा पाहिजे."

मोठ्या नदीला कुठलाही धागा चालतो, असं त्यांचं मत होतं. तिथं पाणीच एवढं की कुणाचं कुणाकडं लक्ष नसतं. ओढ्याची गोष्ट वेगळी. गुडघाभर नितळ पाणी, त्यात जाड धागा पडला की मासे लगेच पांगतात. आणि बारीक घ्यावा तर लव्हाळ्यात दडलेली मरळ एका हिसक्यात तो तोडून, गळासकट पसार होते. म्हणून मरळ पेलेल असा सगळ्यात बारीक धागा शोधायचा, एवढंच काम होतं, आणि ते त्यांना वर्षानुवर्षं पुरलं. परीक्षेची रीत ठरलेली. दिवाणखान्यातल्या पंख्याच्या हुकाला धागा बांधायचा, त्याला लोखंडी बादली टांगायची आणि तांब्यातांब्यानं पाणी ओतायचं. भरली बादली पेलली तर धागा जाड म्हणून बाद, रिकामीच पडली तर बारीक म्हणून बाद. काठावर पास होणारा धागा त्यांना पाहिजे होता. क्लासमध्ये मात्र काठावर पास होणाऱ्याला ते दारात उभं करत नसत.

हुक मोकळा होता, कारण पंखा मावशीनं भूकंपानंतर काढायला लावला होता. लातूर शहरात पडझड तशी फार नव्हती, पण त्या पहाटे मावशी घराबाहेर आली ती आलीच. अंगणात पत्र्याचं शेड उभं राहिलं, चूल तिकडं गेली, खाटा तिकडं गेल्या, आणि माझी नोकरी लातूरला लागल्यावर ते सबंध स्लॅबचं घर मला एकट्याला राहायला मिळालं. मावशी मला खिडकीच्या गजांतून बाहेरून भाकरी वाढायची. लग्नाला गेली तर मंगल कार्यालयाच्या फाटकातूनच अक्षता टाकायची. ती पुन्हा घरात यावी, एवढी एकच इच्छा काकांना होती. शेडाच्या पत्र्यावर खडूनं कॉलम आणि सळया काढून त्यांनी तिला स्लॅब किती भक्कम आहे ते समजावलं. मावशी शेंगा फोडत म्हणाली, "ते समदं खरं हाय. पण तुमचं गणित भुईला कुठं शिकवलंय कुणी?"

मासेमारीही तिच्यासाठीच होती. नांदेडला नदीकाठी वाढलेली मावशी, तिचे वडील गळ टाकायचे. छप्पर नाही अशी एकच जागा काकांना सुचली, ती म्हणजे ओढ्याचा काठ. दर रविवारी ते तिला स्कूटरवर घालून तिकडं नेत. हे धागा बदलत बसत आणि ती काठावर पाय सोडून यांची फिरकी घेई. "अहो, मासा काय पेपर सोडवून राहिला का? टाका की एकदाचा." तिथं ती हसायची. घरी आली की पुन्हा शेड.

अशाच एका रविवारी सकाळी ओढ्यावर निघायच्या आधी काका बादली टांगून बसले होते. मी दाढी करत होतो. धाग्यानं भरत आलेली बादली पेलली. काकांचा चेहरा पडला. तरी जाता जाता त्यांनी आणखी एक तांब्या ओतला आणि धागा तुटला. बादली फरशीवर अशी आदळली की खिडक्यांची तावदानं थरथरली आणि फळीवरचे डबे खाली आले. त्या काळात लातुरात नुसता ट्रक गेला तरी माणसं दाराकडं पळत. मी अर्ध्या दाढीनिशी पळालो. दारात मावशीला धडकलो. मी बाहेर पळत होतो आणि ती आत.

तिनं काकांची कॉलर धरली. "उठा की! बसून काय राहिले?"

"अगं, बादली पडली," पाण्यात बसलेले काका म्हणाले.

मावशीनं बादलीकडं पाहिलं आणि मग काकांचा असा उद्धार केला की शेजारी कुंपणापाशी जमले. ती कुठं उभी आहे हे तिच्या लक्षात येऊ नये म्हणून काकांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. बोलून दमल्यावर तिनं मला विचारलं, "फडकं कुठं हाय?" स्वतःच्या घरात तिला ते विचारावं लागलं याचं मला फार वाईट वाटलं.

ती फरशी पुसू लागली. पुसता पुसता तिची नजर वर स्लॅबकडं गेली आणि हात थांबला. ती हळूच काकांना म्हणाली, "तुम्ही आतच ऱ्हाता का जरा? माझं होईस्तोवर. एकटीला नको वाटतं."

"हाव, हितंच हाय मी," काका म्हणाले, आणि ओल्या पायजम्यानं दुपारपर्यंत तिथंच बसून राहिले. ओढ्याचं नाव कुणी काढलं नाही.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मावशी त्याच घरात राहते, आत, एकटी. मी लातूरला गेलो की दुपारभर तिच्याजवळ बसतो. ती काही ना काही पुसत, आवरत असते, आणि मी निघायला उठलो की म्हणते, "बस की जरा. माझं व्हायचंय अजून."