खंजिरी खाली ठेव

पहिल्याच गुरुवारी देवरावजींनी मला भजनाच्या मधोमध थांबवलं. सूर चुकला नव्हता, तालही नाही. नवऱ्याची बदली कोराडीच्या वीज केंद्रात झालेली, चार लोकांची ओळख व्हावी म्हणून मी शेजारच्या देवरावजींच्या ओसरीवरच्या भजन मंडळात जाऊन बसले होते. दोन ओळी गाते न गाते तोच त्यांचा हात वर गेला. "थांब वं. आता जे गायली त्याचा अर्थ सांग."

ही त्या मंडळाची रीत. खंजिरी ज्याच्या हाती त्यानं गायचं आणि कोणीही विचारलं तर अर्थ सांगायचा. अर्थ पटला नाही तर खंजिरी खाली ठेवून मागे भिंतीपाशी सरकायचं आणि नुसत्या टाळ्या वाजवायच्या. पटला की नाही, हे अर्थात देवरावजी ठरवत. केंद्रातली नोकरी संपल्यावर त्यांनी तिथंच दोन खोल्या बांधल्या होत्या. "गळा देवानं देल्ला, अर्थ आपल्याले काढा लागते," हे त्यांचं पालुपद.

मी गायलेलं भजन मंडळाच्या वहीतलं, जुन्या काळापासून चालत आलेलं. कोणी रचलं, कोणालाच ठाऊक नव्हतं.

जीव म्हणे चल गा, पाय म्हणे थांब,
उंबऱ्यात उभा मी, वाट किती लांब.

मी म्हटलं, "आतून त्याची तगमग होतेय. जायला हवं हे त्याला कळतंय, पण सवयीचं दार सोडायची..."

"ठेव खंजिरी. जीव म्हंजे येडं वासरू. हिरवं दिसलं का धावते. पाय शहाणे. ते थांब म्हणते तं थांबा लागते."

मला असा राग आला! तरी पुढच्या गुरुवारी गेलेच. मी गाते त्याचा अर्थ काय, हे तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांची बायको, मंजुळाकाकू, चहाचा ट्रे घेऊन यायच्या आणि दाराला टेकून उभ्या राहायच्या. गायच्या कधीच नाहीत. तुळशीच्या पानांवर केंद्राच्या धुराड्यांची राख बसते म्हणून रोज सकाळी एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायच्या. पुढं पुढं तेवढ्यानंही त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ही हवा सोडा. बेसाला, केंद्रापासून दूर, मुलाचा फ्लॅट होता, त्यात एक खोली या दोघांसाठी रिकामी ठेवलेली होती.

देवरावजी हलेनात. मुलगा आला की शेजारी आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"आईले श्वास घेता नाही येऊन राहिला, बाबा."

"सारी जिंदगी हेच हवा खाल्ली तिनं. तिकडं काय लिफ्टमंधी भजन करू?"

भिंतीपलीकडे काकू काहीच बोलायच्या नाहीत, नुसत्या खोकायच्या. त्या खोकल्याकडे कान लावून बसायची मला सवयच लागली. तो थांबला की जास्त भीती वाटायची.

मग एका गुरुवारी काकूंनी ट्रे ठेवला, खाली बसल्या आणि माझ्या हातातली खंजिरी घेतली. सगळे एकमेकांकडे बघू लागले. काकूंनी तेच भजन धरलं. पहिली ओळ झाली. दुसरीत 'वाट' म्हणताना दम संपला. कोणी पाण्यासाठी उठलं, त्याला त्यांनी हातानंच बसवलं. खांदे वरखाली होत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी खंजिरी नवऱ्याच्या हातात दिली.

"अर्थ सांगा जी. रीत आहे ना तुमची."

"जीव म्हंजे..." देवरावजींनी सुरुवात केली आणि काकूंच्या खांद्यांकडे बघत राहिले.

"नाही येत तं खाली ठेवा."

त्यांनी खंजिरी खाली ठेवली. त्या दिवशी पुढं कोणी गायलं नाही. त्याच आठवड्यात त्यांचं सामान बेसाला गेलं.

काही महिन्यांनी मी भेटायला गेले. आतल्या खोलीत काकू पडून होत्या, नाकाला नळी, पलंगाजवळ ऑक्सिजनच्या मशीनची घरघर. देवरावजी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसले होते.

"डॉक्टर म्हणते, आधीच आणाले पाह्यजे होतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग खंजिरी माझ्यापुढं सरकवली. "पह्यल्या दिवशी तू अर्थ सांगून राहिली होती. मी मधातच तोडलं. आता पुरा सांग."

मी आतल्या दाराकडे पाहिलं. पण त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "त्याला सवयीचं दार सोडायची भीती वाटते. वाट काही फार लांब नाही, देवरावजी. उंबऱ्यात उभं राहून राहून ती लांब झालीय."

आतून काकूंचा बारीक आवाज आला, "पटला का जी?"

"पटला."

मी खंजिरी उचलली आणि हळू आवाजात भजन सुरू केलं. देवरावजी बसल्या बसल्या मागे सरकत भिंतीपाशी गेले आणि टाळ्या वाजवू लागले.