ताईच्या नंबरचं काय करायचं

भावोजी फोन कंपनीत आहेत म्हटल्यावर मला वाटलं होतं, तारा जोडत असतील. ते काढायचे बाण. कॉम्प्युटरमधला ग्राहक, नंबर, बिल, प्रत्येकाच्या अवस्था चौकटींत लिहायच्या आणि काय घडलं की कुठल्या चौकटीतून कुठे जायचं, ते बाणांनी दाखवायचं. प्रोग्रॅम लिहिणारे त्याबरहुकूम लिहीत. मोघम काही चालत नसे. घरीही तेच. ताई म्हणाली, "जरा वेळाने जेवू," की हे विचारणार, "जरा म्हणजे काय झाल्यावर?" ताई कपाळाला हात लावायची.

ताई गेली. कंपनीत तिच्या मृत्यूची नोंद यांनीच केली, पण फोन घरात चार्ज करून चालू ठेवला. रोज दुपारी ऑफिसच्या जिन्यात उभे राहून तिला फोन लावायचे. रिंग संपली की तिचा रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज यायचा, "मी कामात आहे, नंतर करा."

मग एका बैठकीत तपासणीच्या बाईंनी खोड काढली. ग्राहक 'मृत' आणि नंबर 'चालू', ही जोडी आराखड्यात बसत नाही, तर करायचं काय? नंबर कोणाचा, हे बाईंना ठाऊक नव्हतं. सगळे भावोजींच्या तोंडाकडे बघत बसले. एक जादा चौकट काढली असती तर कोण विचारणार होतं? पण हा माणूस! मेलेल्याच्या नंबरवरून कुणीही लबाडी करू शकतं, हे त्यांना पटत होतं. त्यांनी आपल्या हाताने बाण काढला. 'मृत' नोंद असली, की नंबर बंद.

मला कळलं तेव्हा माझा पारा चढला. "स्वतःच्या नावावर करून घ्यायचा होता!"

"नाव बदलायला मूळ ग्राहक हयात लागतो. नियम माझाच आहे."

"निदान आवाज तरी उतरवून घ्यायचा!"

"घेतलाय."

"मग असे रडताय का?"

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. ताईच्या माघारी ते माझ्यासमोर पहिल्यांदाच रडत होते.

"आवाज नंतर येतो गं. आधी रिंग वाजते. त्या चौकटीतून दोन बाण निघतात, उचलला किंवा नाही उचलला. तोवर काही ठरलेलं नसतं. हात पुसत येत असेल, असं धरता येतं. तेवढा वेळ ती असते."