म्हशीवरचा नवरदेव आणि टँकर

माळा आवरताना त्या येडपट सिनेमाची कॅसेट सापडली. भावाचा व्हीसीआर अजून चालतो, म्हणून लावली. तापल्या प्लास्टिकचा तोच वास सुटला आणि मी मनानं औशाच्या आमच्या जुन्या घराच्या बैठकीत जाऊन बसले.

तेव्हा लातूर जिल्हा नवा झाला होता, पाणी मात्र जुन्याच टँकरचं. दुष्काळात घागर रांगेत ठेवली की नंबर लागायचा, माणूस नसला तरी चालायचं. म्हणून घागरी बाहेर आणि सगळी गल्ली आमच्याकडे, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरपुढं. पडद्यावर नवरदेव म्हशीवरून वरातीला निघाला आणि आम्ही इतक्या हसलो, की टँकरचा हॉर्न कुणालाच ऐकू आला नाही.

एकदम शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं, चार वाजून गेले! टँकर गेला असंल!"

सगळ्या दाराकडे धावलो. उंबऱ्यातच टँकरचा ड्रायव्हर बसला होता, हसून हसून डोळे पुसत.

"थांबा की माय, आत्ता कुठं रंगात आलंय. पाणी काय पळून चाललंय?"

आज सिनेमा बावळटच वाटला. तरी म्हैस दिसताच मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून पाहिला. पाणी आलं. मग परत येऊन पोटभर हसले.