उपाशी रोहू आणि माझं एक ‘हो’

मागच्या रविवारी मामीच्या शेततळ्यावर माशांना इंजेक्शन द्यायचा दिवस होता. हसू नका, खरंच देतात.

रोहूची मादी साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाही, तिला नदीचा पूर लागतो. म्हणून पावसाळा लागला की तिला हार्मोनचं इंजेक्शन देतात. पण त्याआधी तिच्या पोटात अंडी भरलेली असावी लागतात… आणि इथेच माझा संबंध येतो.

माझी रंजनामामी निफाडजवळ राहते. द्राक्षबागेसाठी खोदलेल्या शेततळ्यात ती मासे पाळते. दरवर्षी पिल्लं बाहेरून आणायची, यंदा पहिल्यांदा स्वतःची काढणार होती. त्यासाठी बोटाएवढ्या असल्यापासून सहा माद्या तिनं तीन वर्षं वेगळ्या वाढवल्या होत्या.

मे महिन्यात तिच्या मुलीचं बाळंतपण आलं, मालेगावला. मामी दीड महिना तिकडे जाणार, आणि मी नेहमीप्रमाणे रिकामा. कॉलेज कधीच सोडलंय, तुम्हाला माहितीच आहे.

“तू दीड महिना एका जागी बसशील का रे?” मामीनं विचारलं. “सकाळ-संध्याकाळ पेंड आन् कोंडा टाकायचा, बस. आन् इंजेक्शनच्या आदल्या दिवशी तेवढं उपाशी ठेवायचं.”

बसतो म्हणालो. आणि बसलो… आठ दिवस.

मग एक मित्र हरिहर गडावर निघाला, मीही गेलो. तीन दिवसांनी परतलो तर मासे मजेत होते. पेंड टाकली तर असे तुटून पडले की काय सांगू… एकादशी दुप्पट खाशी! म्हटलं, बरंय, भरून काढतात की. शिवाय इंजेक्शनच्या आधी उपाशी ठेवायचं असं मामीच म्हणाली होती, म्हणजे उपवास यांना मानवत असणार. एवढंच ऐकलं होतं मी. ‘आदल्या दिवशी’ हे शब्द सोयीनं गळले.

मग साल्हेरचा किल्ला. तिथून एकजण सुरगाण्याला घेऊन गेला. तिथं चुलीवरची नागलीची भाकरी खाल्ली, तिच्यावर वेगळी पोस्ट होईल… असो. एकदा तर सलग बारा दिवस मी तळ्याकडे फिरकलोच नाही. फोनवर मामी विचारायची, “टाकलं का रे?” आणि मी साल्हेरच्या पायथ्याशी उभा राहून सांगायचो, “हो, टाकलं.”

मामी यायच्या आधीचे दहा दिवस मात्र दुप्पट टाकलं. माशांचं अंग भरलं. मला वाटलं, फिटलं.

रविवारी श्रद्धा आली. मत्स्यशास्त्र शिकलेली मुलगी, मामीला मदत करते. बर्फाच्या डब्यातून तिनं इंजेक्शन आणलं होतं. मामीनं पहिली मादी ओल्या फडक्यावर घेतली, पोटावरून हात फिरवला. परत फिरवला. दुसरी… तिसरी… सहाही पोटं सपाट.

श्रद्धानं विचारलं, “मामी, खाणं कमी पडलं का? मासा उपाशी राहिला ना, की अंड्यांसाठीचं हार्मोन नीट सुटतच नाही. वाढीचं हार्मोन रक्तात उलट वाढतं, पण लिव्हर त्याचं ऐकत नाही. अंड्यातला बलक लिव्हरच बनवतं. मग पोटात असलेली अंडीसुद्धा मादी जिरवून टाकते… जगायचं असतं ना तिला.”

“तळ्यात शेवाळ असतं की…” मी पुटपुटलो.

“प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात? असून असून किती असणार?” मग मामीकडे वळून ती म्हणाली, “उपाशी राहिल्या असतील तर काळजी नको. नीट खाऊ घाला, पुढच्या पावसाळ्यात भरतील. पण पोटभर खाऊनही अशा असतील, तर या माद्यांत दम नाही. बदला.”

“खाणं कसं कमी पडंल?” मामी म्हणाली. “हा होता ना हितं. आमच्यात हाच एक भटक्या, पण यंदा टिकला बघ.” मग माझ्याकडे वळून, “रोज टाकत होतास ना रे?”

“हो.”

मामीनं हात पदराला पुसले. “मग वांझच म्हणायच्या.” आणि श्रद्धासाठी चहा ठेवायला गेली.

सोमवारी सकाळी माद्या न्यायला मासेवाला आला. त्याच्या क्रेटमध्ये तीनच मावल्या, उरलेल्या उद्या नेतो म्हणाला. त्या तिघींना काढताना जाळ्याचं दुसरं टोक मी धरलं होतं. मी स्वतः.

दुपारी मामी मुलीशी फोनवर बोलत होती. “माझ्याच निवडीत चूक झाली असंल गं. पोरानं बिचाऱ्यानं लय केलं…” ते ऐकलं आणि मग मला तिथं बसवेना. तिनं फोन ठेवल्यावर सगळं सांगितलं. हरिहर, साल्हेर, बारा दिवस, सगळं.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “त्या पोरीसमोर लाज वाटली, कळतं मला. ती गेल्यावर सांगायचं… त्या तिघी वाचल्या असत्या रे.”

आणि उरलेल्या तिघींसाठी मासेवाल्याला नको म्हणून फोन केला.

उपाशी ठेवलं ते एकवेळ निष्काळजीपणात जाईल. पण तो ‘हो’ म्हणताना मला नीट माहीत होतं, खरं काय ते. श्रद्धानं नुकतंच समजावून सांगितलं होतं…

मी अजून इथेच आहे. मित्रांचे फोन येतात, पण निघावंसं वाटत नाही. काल संध्याकाळी मामीनं पेंडीचं घमेलं माझ्यासमोर ठेवलं. मी टाकून आलो. थोड्या वेळानं ती उठली आणि तळ्याच्या काठावर जाऊन, वाकून बघून आली… खरंच टाकलं का ते.

बघितलं ते बरं केलं, मामी. रोज बघत जा.