सेल्वराजची चिकन करी

१९९३ च्या हिवाळ्यात आमची सिग्नलची तुकडी उत्तर सीमेवरच्या एका उंच चौकीवर होती. वायरलेस सेट चालू ठेवणं आणि टेलिफोनची लाइन तुटली की जोडणं, हे आमचं काम. मी पेणच्या कॉलेजातून बी.ए. झालेला. वडील मिठागरावर राबायचे, आणि घरातला पहिला पदवीधर मी. शिक्षणाने मला वर्दीपर्यंत नेलं, त्याचे उपकार मी मानतो. पण बर्फात जगायला शिकवलं ते माझ्या बडीने, म्हणजे ड्यूटीवरच्या जोडीदाराने. लान्स नायक सेल्वराज, तमिळनाडूतल्या भातशेतकऱ्याचा मुलगा.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज उभं राहणं, मग सेटची तपासणी, मग बंकरसमोरचा बर्फ उपसणं. रोज हेच. खेचरांवरून ताजं चिकन आलं की मात्र सेल्वराज कुकला बाजूला बसवायचा. धणे, मिरी, बडीशेप, सुक्या मिरच्या, सुकं खोबरं कोरडंच भाजायचा आणि चहाच्या पत्र्याच्या मगाच्या बुडाने कुटायचा. कढीपत्ता त्याच्या घरून वाळवून यायचा. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझं. दहाच्या आधी स्टोव्हकडे हात गेला की ओरडायचा, "बी.ए. साब, कच्चा खिलाएगा क्या?"

त्याच हिवाळ्यात तो तिथेच गेला. मी परत आलो.

फौज सोडल्यावर धाटावच्या एका कंपनीत सिक्युरिटीला लागलो आणि रोह्यात बिऱ्हाड केलं. १९९७ च्या डिसेंबरात सेल्वराजच्या बहिणीचा मुंबईहून फोन आला. वडील तिच्याकडे आले होते. ज्याच्याबरोबर मुलगा राहत होता, त्याला त्यांना बघायचं होतं.

मी हो म्हणालो, आणि मग घाबरलो. सेल्वराजचं पार्थिव घरी पोहोचवायला जे साहेब गेले होते, त्यांना तमिळ येत नव्हतं. वडिलांनी तेव्हा काहीच विचारलं नव्हतं. आता ते मला विचारणार होते. त्या दिवसाबद्दल मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तोंडाने सांगता आलं नाही तर निदान त्याच्या हातची करी समोर ठेवावी, असं मी ठरवलं.

रविवारी सकाळी मी मसाला भाजायला बसलो. सुनंदा, माझी बायको, डब्यांकडे बघत राहिली.

"अवं, कोंबडीत बडीशेप? ती जेवल्यावर खातात, जेवणात नाय."

"तिकडे असंच करतात."

"आणि मी काय करू? पाव्हण्यासारखी बसू?"

दारातून आई म्हणाली, "करू दे गो त्याला. सरकारने येवढी वर्सं पोसला, काय तरी शिकवला असंल."

चिकन मिरची-हळद लावून ठेवलं होतं. कांदा परतला, चिकन आणि मसाला घातला, कुकरचं झाकण लावलं आणि स्टेशनवर गेलो. दिवा पॅसेंजरमधून पांढऱ्या धोतरातला एक सडपातळ म्हातारा उतरला. चाल हुबेहूब सेल्वराजची. मी पाया पडलो आणि त्यांना अप्पा म्हणालो. तो त्यांना अप्पाच म्हणायचा.

त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि गॅस पेटवला. चौथ्या शिट्टीला सुनंदा म्हणाली, "बंद करा आता."

"दहा."

"कोंबडी हाय का बैल?"

मी ऐकलं नाही. दहा झाल्या. झाकण उघडलं, तर आत चिकन नव्हतंच. लगदा होता आणि त्यात सुटी हाडं.

सुनंदा आधी हसली. मग माझ्याकडे बघून तिने हसू आवरलं. म्हणाली, "मी पटकन अंड्यांचं कालवण करू?"

वेळ नव्हता. तेच वाढलं. अप्पांनी एक घास घेतला आणि थांबले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "मसाला उसकी माँ का है." मग ताटातलं हाड उचलून बघितलं. "चिकन ऐसा पकाता था वो?"

"नहीं अप्पा. ऊपर अच्छा बनता था."

आणि मग मला सांगावं लागलं. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. पाणी लवकर उकळतं, पण अन्न शिजत नाही. तिथे दहा शिट्ट्या लागायच्या. इथे खाडीकाठच्या मुलखात मी तोच हिशेब धरला होता.

"कितना ऊपर?"

मी खिडकीतून अवचितगडाचा डोंगर दाखवला. असे कितीतरी डोंगर एकावर एक ठेवले तर, असं सांगितलं. त्यांनी मान वर करून डोंगराचा माथा बघितला.

"वहाँ साँस आता था उसको?"

"आता था. गाना भी गाता था."

अप्पा हसले. मग त्यांनी विचारलं, "और वो दिन?"

मी सांगितलं. त्या दिवशीही चिकन आलं होतं. मसाला त्यानेच केला. तेवढ्यात खालची लाइन तुटली. तो दोन जवान घेऊन जोडायला गेला. अकरा वाजता सेटवर त्याचा आवाज आला.

"लाइन ओके. कुकर चढाया? ओव्हर."

"चढाया. ओव्हर."

"खोलना मत. आ रहा हूँ. आऊट."

त्यानंतर उतारावरचा बर्फ सुटला. मी कॉल देत राहिलो. उत्तर नाही. आम्ही सगळे फावडी घेऊन धावलो. दोघे जिवंत निघाले. सेल्वराज उशिरा सापडला.

आई आणि सुनंदा दारात उभ्या होत्या. अप्पांनी डोळे पुसले नाहीत. ताटाकडे बघत म्हणाले, "वो करी का क्या हुआ?"

हे मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

"खाया, अप्पा. कोणीच भांड्याला हात लावत नव्हतं. सुभेदार साहेब म्हणाले, सेल्वराज ने बनाया है, फेंकेंगे नहीं. सबने खाया. जे दोघे वाचले, त्यांना आधी दिलं."

हिंदी-मराठीची सरमिसळ झाली होती, पण त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली.

"अच्छा किया," ते म्हणाले. "भूखा किसी को नहीं रखा."

लान्स नायक सेल्वराज तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनी ताट पुढे सरकवलं. आईने आणखी भात आणि करी वाढली, आणि ते सावकाश सगळं जेवले.